सिरीज की पॅरलल? दोन फिल्टर जोडले की मधला आवाज जातो कुठे

पट्टी_काळीएक

मंडळी एक शंका आहे, जरा लांबण लागेल पण सांगतो.

मी वायटल वापरतो, फुकटवालं सॉफ्टवेअर सिंथ. त्यात दोन फिल्टर आहेत हे माहीत होतं पण दुसऱ्याला कधी हात लावला नव्हता, एकावरच भागत होतं. आता रियाजासाठी एक ड्रोन (सतत वाजणारा आधारसूर) बनवायचाय, तानपुऱ्याच्या जातीचा पण हुबेहूब तानपुरा नको (त्याची ॲप ढिगाने आहेत), खाली भरीव, वर थोडी चकाकी आणि मधे काहीतरी सतत हलतंय असा. म्हणून सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लाट) घेतली, ऑसिलेटर (लाट तयार करणारा भाग) दोन्ही फिल्टरना एकदम पाठवला, म्हणजे पॅरलल, एकाला लो-पास, दुसऱ्याला हाय-पास, दोन्हीचा कटऑफ (जिथून फिल्टर कापायला लागतो ती जागा) ५०० हर्ट्झला. स्टाइल १२ डीबी (दर ऑक्टेव्हला एवढा उतार), रेझोनन्स (कटऑफजवळचा उठाव) अगदी कमी.

माझं गणित असं की लो-पास ५०० च्या खालचं देणार, हाय-पास ५०० च्या वरचं देणार, दोन्हीची बेरीज केली की मूळ सॉ जशीच्या तशी परत मिळाली पाहिजे, आणि मग मी एकेक नॉब हलवून खेळत बसेन. झालं भलतंच. आवाज पोकळ झाला, मधलं मांसच गेलं, एखाद्या फेजरला मधेच थांबवून ठेवलंय असा यायला लागला.

मग सिरीज करून पाहिलं, म्हणजे फिल्टर १ चं आउटपुट फिल्टर २ मधे. त्यात मधलं तेवढं राहिलं, खालचं-वरचं गेलं, हे समजू शकतो. पण हाय-पास जरा वर सरकवला आणि लो-पास जरा खाली आणला तर आवाज जवळजवळ बंदच.

तर प्रश्न असे की पॅरललमधे मधला आवाज कोण खातंय, सिरीजमधे आधी कोण नंतर कोण याने फरक पडतो का, आणि माझ्यासारख्याने कुठे काय वापरायचं? युट्यूबवर सगळे "एक्सपरिमेंट करा" म्हणून मोकळे होतात.

वायरगुंता

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात, फेज.

आता सविस्तर. फिल्टर म्हणजे कात्री नाही, ५०० ला रेघ मारून अलीकडचं-पलीकडचं वेगळं करत नाही. कटऑफला दोन्ही फिल्टर अर्धवट उघडे असतात, साधारण ३ डीबी खाली. आणि फिल्टर आवाज नुसता कमी-जास्त करत नाही, लाट मागे-पुढेही सरकवतो. १२ डीबीचा लो-पास कटऑफला लाट ९० अंश मागे ढकलतो, तसाच हाय-पास ९० अंश पुढे काढतो, दोघांत झाला १८० चा फरक. म्हणजे एकाची लाट वर जात असताना दुसऱ्याची तेवढीच खाली. बेरीज शून्य. तुझ्या ५०० हर्ट्झला दोघं एकमेकांना खाऊन टाकतायत आणि आजूबाजूचं बरंच काही त्या खड्ड्यात ओढलं जातंय. याला नॉच म्हणतात. वायटल बरोबर वागतंय, बग नाहीये.

खरं तर ही बेरीज करूनच मुद्दाम नॉच बनवतात. ओबरहाइमचं एसईएम (SEM) हे सिंथ मॉड्यूल १९७४ चं, त्याच्या फिल्टरला एक नॉब आहे, एका टोकाला लो-पास दुसऱ्या टोकाला हाय-पास, आणि मधोमध ठेवला की नॉच. तो नॉब दुसरं काही करत नाही, एकातून दुसऱ्यात मिसळत जातो, तुझ्याकडे आत्ता तेच झालंय.

तुझं गणित ६ डीबीच्या फिल्टरांना मात्र तंतोतंत लागू पडलं असतं. सेम कटऑफचे ६ डीबीचे लो-पास आणि हाय-पास मिळवले की मूळ आवाज परत येतो, कारण तिथे दोघांत फरक ९० चाच असतो. १२ डीबीमधे मूळ परत हवा असेल तर तिसरा हिस्सा लागतो, बँड-पास, म्हणजे फक्त मधला पट्टा सोडणारा. एकाच स्टेट व्हेरिएबल फिल्टरचे लो, बँड, हाय असे तिन्ही आउटपुट योग्य प्रमाणात मिळवले तर परत मूळ सिग्नल. तुझं मधलं मांस बँड-पासकडे राहिलंय.

२४ डीबीला फरक ३६० होतो म्हणजे परत जुळतं, पण लॅडर जातीचे (चार सारखे टप्पे एकापुढे एक) फिल्टर असतील तर बिनरेझोनन्सचे कटऑफला १२ डीबी खाली असतात, त्यामुळे दोन मिळूनही तिथे ६ डीबीचा खोलगट भाग राहतो, एवढंच की भोक पडत नाही.

करून बघायचं तर सॉ काढ आणि नॉइज टाक, पुढे एखादा स्पेक्ट्रम ॲनालायझर लाव, व्होक्सेंगोचा स्पॅन फुकट आहे. नॉइजवर फिल्टरचा आकार डोळ्याला दिसतो, सॉवर फक्त हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) दिसतात आणि मधे काय चाललंय ते कळत नाही.

आणि मग दोन्ही कटऑफ एकमेकांवर चढव. लो-पास १००० ला, हाय-पास २५० ला. आता ५०० ला खड्डा नाही, उलट ३ डीबीच्या आसपास उंचवटा मिळेल, कारण तिथे दोघं जवळपास पूर्ण उघडे आहेत आणि फेजमधे फरकही ९० च्या आत आलाय. उलटं केलंस, लो-पास २५० आणि हाय-पास १०००, तर ५०० ला साधारण ९ डीबीचा पसरट खोलगट भाग. शून्यापर्यंत जाणारं टोकदार भोक फक्त दोन्ही कटऑफ जुळतात तिथेच, आणि तू नेमका तिथेच जाऊन बसलास 😄

रेझोनन्स_राव

वायरगुंता यांनी फेजचं छान सांगितलंय, मी बाकीच्या दोन प्रश्नांकडे येतो.

सिरीज म्हणजे एका चाळणीखाली दुसरी चाळण, दोन्हीतून जे पडेल तेच ताटात. त्यामुळे तुमचा हाय-पास १००० ला आणि लो-पास ३०० ला गेला की पहिल्याने सोडलेलं दुसरा अडवणार, आवाज गायब. सिंथ बंद पडला म्हणून घाबरून केबल तपासणारे मी पाहिलेत. सिरीजमधे डीबीची बेरीज होते हे लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं. दोन १२ डीबीचे लो-पास सेम कटऑफला एकापुढे एक ठेवले की २४ डीबीचा उतार, कटऑफला ३ अधिक ३ म्हणजे ६ डीबी खाली. पण रेझोनन्सचीही तशीच बेरीज होते हे लोक विसरतात. दोन्हींचं शिखर १० डीबीचं असेल आणि एकाच जागी असेल तर २० डीबी, हेडफोन लावून हा प्रयोग करू नका.

पॅरललमधे उलट. दोघांपैकी कोणी एकाने सोडलं तरी ते पुढे जातं, म्हणून पूर्ण शांतता सहसा होत नाही, पण बेरीज सिग्नलची होते, डीबीची नाही, आणि तिथे फेज नाक खुपसते. दोन्ही लो-पास सेम सेटिंगवर ठेवले तर निव्वळ ६ डीबी जोरात वाजेल, आवाजात काडीचा फरक नाही. पॅरलल ऐकून "वा काय जाड झाला" म्हणणाऱ्यांनी आधी लेव्हल जुळवून बघावी, अर्ध्या वेळा जाडी म्हणजे नुसता व्हॉल्यूम असतो.

क्रमाचं. कागदावर सिरीजमधे क्रमाने फरक पडत नाही, हाय-पास आधी की लो-पास आधी, उत्तर एकच. पण हे फिल्टर अगदी सरळमार्गी असतील तरच. ड्राइव्ह, सॅच्युरेशन, क्लिपिंग असं लाटेचा आकारच वाकवणारं काही मधे आलं की क्रम महत्त्वाचा, आणि खऱ्या सिंथमधे ते येतंच. लो-पास आधी ठेवून त्याचं आउटपुट ड्राइव्हला चढवलं तर ड्राइव्ह वरचे हार्मोनिक नव्याने तयार करतो, ते मागच्या लो-पासला अडवता येत नाहीत, पुढे दुसरा फिल्टर असेल तर तो आवरतो. ॲक्सेस व्हायरस सिंथमधे, १९९७ पासून, सॅच्युरेशन दोन फिल्टरांच्या मधे ठेवलंय ते उगाच नाही. पहिल्याने आकार द्यायचा, मधे भाजायचं, दुसऱ्याने कडा घासायच्या. त्यातच पॅरललही आहे आणि स्प्लिटही, स्प्लिट म्हणजे एक ऑसिलेटर एका फिल्टरला, दुसरा दुसऱ्याला. माझ्या मते नवख्याने सगळ्यात आधी हे स्प्लिटच शिकावं, कारण त्यात दोन वेगळे सिग्नल असतात, फेजची कुस्तीच नाही.

सेल्फ ऑसिलेशनमधेही क्रम दिसतो. रेझोनन्स इतका वाढवला की फिल्टर स्वतःच शिट्टी मारायला लागला, तर पहिल्याची शिट्टी दुसऱ्यातून गाळून येते, दुसऱ्याची मात्र थेट बाहेर.

आता सिरीजचा आदर्श नमुना म्हणजे कॉर्गचा एमएस-२० सिंथ, १९७८ चा. आधी ६ डीबीचा हाय-पास, मग १२ डीबीचा लो-पास, आणि दोन्हीला स्वतंत्र रेझोनन्स. दोन्ही कटऑफ थोडे लांब ठेवून दोन्हींचा रेझोनन्स चढवला की बँड-पासच्या दोन्ही टोकांना शिंगं येतात, तो किंचाळणारा आवाज तिथला. यामाहाच्या सीएस-८० मधे तर दोन्ही पद्धती एकत्र आहेत, प्रत्येक लाइनमधे हाय-पास मग लो-पास सिरीजमधे, आणि अशा दोन लाइनी शेजारी शेजारी, शेवटी मिक्स. माझ्या कानाला यापेक्षा शहाणी रचना नंतर फारशी झाली नाही, पण ते जाऊ द्या, म्हाताऱ्यांचं रडगाणं.

मूगच्या व्हॉयेजरमधेही (२००२) दोन मोड आहेत, एकात हाय-पास आणि लो-पास सिरीजमधे, दुसऱ्यात दोन लो-पास पॅरलल, आणि ते दोघं मिसळत नाहीत, एक डाव्या आउटपुटला एक उजव्याला. स्पेसिंगचा नॉब फिरवला की दोघांच्या कटऑफमधलं अंतर बदलतं आणि आवाज दोन्ही कानांत पसरतो. पट्टी_काळीएक, हे वायटलमधेही जमवता येईल का बघा, पॅरललची फेजची कटकट टाळायचा सगळ्यात सोपा मार्ग हाच, डावं-उजवं वेगळं ठेवलं की हवेत भेटतील तेव्हा भेटतील. फक्त मोनो स्पीकरवर वाजवायची वेळ आली की परत खड्डा हजर.

बेसूर_पण_खुश

एवढा उपद्व्याप कशाला म्हणतो मी. एक लो-पास, पुढे साधा ईक्यू (इक्वलायझर), त्यात ५०० ला बेल (घंटेच्या आकाराचा पट्टा) खाली ओढा नाहीतर वर, झालं काम. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंगांनी जुपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही रोलंडची यंत्रं घेऊन राग वाजवले, ३०३ ला एकच लो-पास आणि मोजून नॉब, अजून लोक ऐकतायत. आपण मात्र दोन फिल्टर, चार एलएफओ (नॉब आपोआप झुलवणारे) आणि आठ एन्व्हलप (सूर छेडला की नॉब कसा चढेल-उतरेल ते ठरवणारे) घेऊन एक सा धड लावत नाही.

रेझोनन्स_राव

बेसूर, टोमणा पोचला, पण उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय हो. जुपिटर-८ मधे मुख्य फिल्टरच्या आधी वेगळा हाय-पास आहे. ६ डीबीचा, बिनरेझोनन्सचा, गरीब बिचारा, पण आहे सिरीजमधेच. खालचा गाळ काढून मग लो-पासला द्यायचं. म्हणजे तिथेही दोन फिल्टर होतेच.

ईक्यूबद्दल अर्धं पटतं. स्थिर आकार हवा असेल तर ईक्यू बेस्ट, वाद नाही. पण ईक्यू सिंथच्या बाहेर बसतो, त्याला सगळ्या सुरांची खिचडी मिळते. सिंथमधला फिल्टर प्रत्येक व्हॉइसला (वाजणाऱ्या प्रत्येक सुराला) स्वतंत्र असतो, म्हणजे चार सूर धरले तर प्रत्येकाचा एन्व्हलप आपापल्या वेळी सुरू होतो, कीट्रॅकिंग (सुराबरोबर कटऑफचं सरकणं) प्रत्येक सुराप्रमाणे बदलतं. ड्रोनमधे पंचम आता छेडला आणि षड्ज नंतर, तर दोघांचे फिल्टर वेगवेगळ्या वेळी हलले पाहिजेत, ते बाहेरच्या ईक्यूने कसं करणार?

बेसूर_पण_खुश

बरं, व्हॉइसवाला मुद्दा मान्य. ईक्यू आमचा मास्टरला, म्हणजे शेवटच्या एकत्र आवाजाला राहील.

पट्टी_काळीएक

बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. वायरगुंता, नॉइज टाकून स्पॅनमधे पाहिलं, ५०० ला सरळ विहीर दिसते! आणि एक कटऑफ हळूहळू लांब नेला तसा तिचा तळ वर येत जातो. रेझोनन्स वाढवला तर विहीर अरुंद होते हेही दिसलं, ते का?

दुसरं, आता डोक्यात असं येतंय की लो-पास हाय-पास सोडूनच द्यावं आणि दोन बँड-पास पॅरलल लावावेत, दोघं वेगवेगळ्या वेगाने हलवावेत. सिरीजमधे दोन बँड-पास लावून पाहिले तर काहीच ऐकू येईना, ते आता कळलं का. पण कुठे ठेवायचे, किती हलवायचे, अंदाजपंचे चाललंय. माझा सा काळी एक (सी शार्प).

वायरगुंता

विहिरीचं सोपं आहे. १२ डीबीच्या फिल्टरमधे रेझोनन्स जितका जास्त तितकी फेज कटऑफच्या अगदी जवळ येऊन झटकन पलटते, म्हणून एकमेकांना खाण्याचा पट्टा अरुंद. कमी रेझोनन्सला फेज लांबवर पसरून हळूहळू फिरते, म्हणून रुंद. त्यामुळे नुसता पोकळपणा हवा असेल तर रेझोनन्स कमी, आणि एकेका हार्मोनिकला टिपून गायब करायचं असेल तर जास्त.

एक गंमत अजून, एका फिल्टरची पोलॅरिटी उलटी (लाट वरची खाली) करता आली तर त्याच सेटिंगला खड्ड्याच्या जागी उंचवटा येतो, कटऑफला ३ डीबी खाली असणाऱ्या जोडीत ३ डीबी वर. हार्डवेअर मॉड्युलरवाले इन्व्हर्टर लावून हे नेहमी करतात. वायटलमधे इन्व्हर्ट मला सापडलेलं नाही, कटऑफ एकमेकांवर चढवून तू जवळपास तिथेच पोचतोस.

बँड-पासचं कुठे ठेवायचं हे जवारीवाली सांगेल, तिचा प्रांत आहे.

जवारीवाली

हाक मारली म्हणून आले 🙂 हा विषय निघाला की मला थांबवावं लागतं.

काळी एक म्हणजे तानपुऱ्याच्या मधल्या जोडीच्या तारा साधारण १३८.६ हर्ट्झ, खर्ज (खालच्या सा ची तार) त्याच्या निम्मा म्हणजे ६९.३, आणि खालचा पंचम १०४ च्या जवळ. आता फक्त खर्ज घ्या. त्याचे हार्मोनिक ६९.३ च्या पटीत, दुसरा १३८.६ सा, तिसरा २०८ पंचम, चौथा २७७ परत सा, आणि पाचवा ३४६.५, हा गंधार. तानपुरा नीट जुळला की कोणी न छेडता जो गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात तो, हाच. सॉमधे तो आहेच, सगळे हार्मोनिक असतात. तुम्हाला बँड-पासने फक्त त्याच्यावर उजेड टाकायचाय. म्हणून पहिला बँड-पास ३४६ च्या आसपास.

पण शेजारचे हार्मोनिक ६९ हर्ट्झवरच आहेत, २७७ आणि ४१६. म्हणजे फिल्टरची रुंदी ७० हर्ट्झच्या आत हवी, नाहीतर गंधाराबरोबर शेजारपाजारही येणार. ३४६ भागिले ७० म्हणजे क्यू (मधली फ्रीक्वेन्सी भागिले रुंदी) ५ च्या आसपास किमान, जास्त असला तर बरं. जोडीच्या तारेचा गंधार घ्यायचा तर ६९३ ला ठेवा. नुसती जोडीच वाजत असेल तर शेजारी १३८ अंतरावर आहेत, तोच क्यू ५ पुरतो. पण खर्जही वाजत असेल तर खर्जाचेही हार्मोनिक तिथे ६९ च्या अंतराने असणार, मग क्यू १० लागेल. आणि स्क्वेअर किंवा ट्रँगल घेऊ नका, त्यांत सम हार्मोनिक नसतातच आणि ट्रँगलचे वरचे इतके क्षीण की फिल्टर कुठून आणणार. अरुंद पल्स मात्र मस्त, जवारीची (तार घोडीला घासून येणारी) झण्ण त्यातच सापडते.

सिरीजचा इथे खरा उपयोग आहे, दोन वेगळ्या ठिकाणचे बँड-पास नाही, एकाच ठिकाणचे. दोन सारखे बँड-पास सेम कटऑफला एकामागे एक ठेवले की रुंदी साधारण ६४ टक्क्यांवर येते आणि कडा जास्त तीव्र होतात. रेझोनन्स फार वाढवला तर फिल्टर स्वतः गायला लागतो आणि तो सूर तुमच्या सुराशी किंचित बेसूर असू शकतो, रियाजाच्या ड्रोनला ते विष. त्यापेक्षा मध्यम रेझोनन्सचे दोन सिरीजमधे, निवड स्वच्छ मिळते आणि शिट्टी नाही. आवाज खूप बारीक होईल तो वाढवून घ्या.

हलवण्याचं सांगते. तानपुऱ्याची तार छेडली की जवारीमुळे वरचे हार्मोनिक आधी उजळतात आणि तो उजेड हळूहळू खाली सरकत येतो, कान देऊन ऐकलं तर पायऱ्या उतरल्यासारखे एकेक सूर ऐकू येतात. म्हणून एलएफओ लावून वरखाली झुलवू नका, ते लगेच सिंथसिंथ वाटतं. एन्व्हलप लावा, ॲटॅक (चढायचा वेळ) जवळजवळ शून्य, डिके (उतरायचा वेळ) तीन-चार सेकंद, कटऑफ दीड-दोन हजारापासून ३४६ पर्यंत उतरू द्या. दुसऱ्या फिल्टरला तोच एन्व्हलप पण कमी प्रमाणात, किंवा डिके लांब. दोघं पॅरलल, वेगवेगळ्या वेगाने उतरतायत, आणि तिसरीकडे थोडा कोरा ऑसिलेटर किंवा लो-पास केलेला खर्ज खाली, नाहीतर तळ राहणार नाही. वायटलमधे फिल्टर दोनच असल्यामुळे मी खर्जाला वेगळा ऑसिलेटर घेते, तो फिल्टरला न पाठवता थेट बाहेर, आणि वेव्हच मऊ निवडते.

कीट्रॅकिंग विसरू नका. गंधारावर बसवलेला फिल्टर सुराबरोबर सरकला पाहिजे, म्हणजे ट्रॅकिंग पूर्ण. उद्या काळी दोन लावली तरी गंधार गंधारावरच राहील.

पट्टी_काळीएक

जवारीवाली ताई, दंडवत. ६४ टक्के वगैरे स्पॅनवर बघतोच. ट्रॅकिंग शून्यावर होतं म्हणून पट्टी बदलली की सगळं विस्कटत होतं तर!

रेझोनन्स_राव

ट्रॅकिंगवर एक पुरवणी. गळ्यासारखा आवाज करायचा असेल तर नेमकं उलटं, ट्रॅकिंग शून्य. माणूस "आ" म्हणताना सूर बदलला तरी तोंडाचा आकार तोच असतो. त्या आकारामुळे ठरावीक जागी शिखरं येतात, त्यांना फॉर्मंट म्हणतात. पुरुषी आवाजात "आ" साठी साधारण ७३० आणि १०९० हर्ट्झ, "ई" साठी २७० आणि २२९०, "ऊ" साठी ३०० आणि ८७०. दोन बँड-पास पॅरलल लावा, या जोड्यांमधून सरकवा, ड्रोन बोलायला लागतो. "ऊ" वरून "ई" वर जाताना पहिला फिल्टर जवळजवळ जागचा हलत नाही, दुसराच धावतो, म्हणून एकच मॅक्रो नॉब दोघांना सारखा जोडून चालत नाही.

वाचासंश्लेषणवाल्यांनी हा सिरीज-पॅरलल वाद आपल्या आधी घालून झालाय. डेनिस क्लॅटचं १९८० चं सिंथेसायझर दोन्ही शाखा ठेवून होतं. सिरीज शाखेत स्वरांच्या फॉर्मंटची आपसातली उंची आपोआप जुळते, प्रत्येकाचा वेगळा व्हॉल्यूम लावावा लागत नाही. पॅरललमधे प्रत्येकाचा व्हॉल्यूम हाताने, पण म्हणूनच स, श सारखे घर्षणाचे आवाज बसवता येतात. मात्र त्यांच्या सिरीजमधले फिल्टर बँड-पास नसतात हं, रेझोनन्सवाले लो-पास जातीचे, खालचं सगळं सोडणारे. बँड-पास सिरीजमधे ठेवून काय होतं ते आपल्या धागाकर्त्याने ऐकलंच आहे.

पॅचकेबल_कमी_पडते

उशिरा आलो, सगळं वाचलं, भारी धागा. माझ्याकडे छोटं युरोरॅक (सुटी मॉड्यूल वायरींनी जोडायची सिंथ) आहे, दोन फिल्टर मॉड्यूल. सिरीज सोपं आहे, एकाचं आउट दुसऱ्याच्या इन मधे. पॅरललसाठी मी ऑसिलेटर पॅसिव्ह मल्टिपलमधून (नुसत्या एकत्र जोडलेल्या जॅकमधून) दोन फिल्टरना देतो आणि दोन्ही फिल्टरचे आउट दुसऱ्या मल्टिपलमधे खुपसून एक वायर काढतो. आवाज येतो पण अर्धवट, एक फिल्टर दुसऱ्याला दाबतोय असं वाटतं. हाच तो फेजचा प्रकार का?

वायरगुंता

नाही नाही, ते आधी काढ. मल्टिपल एकाचे दोन करायला, दोनाचे एक करायला नाही. दोन आउटपुट एकमेकांना थेट जोडलेस की ते एकमेकांत करंट ढकलत बसतात, प्रत्येकजण दुसऱ्याला आपल्या व्होल्टेजकडे ओढतो. बहुतेक मॉड्यूलच्या आउटपुटला १ किलोओहम वगैरे रेझिस्टर असतो म्हणून धूर निघत नाही, कच्ची सरासरी मिळते, पण तो नसला तर आउटपुटचा ऑपअँप उगाच ताणला जातो. फिल्टरचे दोन्ही आउट मिक्सरला दे, साधा तीन चॅनेलचा मिक्सरही चालेल, वर प्रत्येकाची लेव्हल हातात येते.

ऑसिलेटर वाटायला पॅसिव्ह मल्टिपल चालतं, ऑडिओला फरक पडत नाही. कटऑफचा सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज) वाटतानाही सहसा चालतं, पण एक व्होल्ट पर ऑक्टेव्हचा सूर दोन फिल्टरना ट्रॅकिंगसाठी देणार असशील तर बफर्ड घे, नाहीतर व्होल्टेज किंचित पडतं आणि जवारीवालीचा गंधार सरकतो.

मिक्सर असा घे ज्यात एका चॅनेलला इन्व्हर्ट करता येतं, ॲटेन्युव्हर्टर म्हणतात तसला. मग वर लिहिलेली पोलॅरिटीची गंमतही फुकटात होते, नॉब मधोमध शून्य, उजवीकडे नॉच तर डावीकडे उंचवटा.

पॅचकेबल_कमी_पडते

मिक्सर रॅकमधेच होता, ड्रमला लावला होता. जोडला. दोन्ही फिल्टर आता स्वच्छ येतायत, आणि इन्व्हर्टवाला नॉब शून्याच्या अलीकडे-पलीकडे हलवत बसलोय, जेवण गार झालं.